बेंचवरच्या पोरांना मैदानात उतरवताना

कोल्हापुरात फुटबॉलचा संघ तालमीचा, म्हणजे पेठेतल्या कुस्तीच्या आखाड्याभोवती जमलेल्या मंडळाचा असतो आणि प्रशिक्षकही बहुतेक वेळा त्याच तालमीत लहानाचा मोठा झालेला. सामना चालू असताना मी ज्या पोराला बाहेर बोलावतो, त्याचा चुलता माझ्या पाठीमागे गॅलरीत बसलेला असतो. रात्री दूध आणायला गेलं की तोच चुलता पुन्हा भेटतो. त्यामुळे शाहू स्टेडियमवर बदली खेळाडू उतरवणं हा निर्णय खेळाचा असतोच, पण पेठेचाही असतो. ज्यांच्याकडे नुकताच संघ आलाय आणि ज्यांना उत्तरार्धात हात वर करून पंचांना बोलवायची धास्ती वाटते, अशा प्रशिक्षकांसाठी हे लिहितोय. गेल्या दोन हंगामांत आमचा संघ सावध खेळाकडून धाडसी खेळाकडे कसा आला, त्यासाठी कुठले कागद लागले, किती पैसे गेले, कुठं वाट बघावी लागली, ते सगळं जसं घडलं तसं सांगतो.

आधी आमची जुनी पद्धत सांगायला हवी. चार-चार-दोन, म्हणजे मागं चार, मध्ये चार, पुढं दोन. एक गोल झाला की दोन्ही हाफ (मधले मध्यरक्षक) मागं, विंग (कडेचे खेळाडू) मागं, पुढं एकटा फॉरवर्ड. बेंचवरची पोरं कुणाला दुखापत झाली तरच उठायची. याला कारणं होती. आमच्या संघातली बरीच पोरं शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीला किंवा मशीन शॉपला कामाला आहेत. पहिली पाळी सकाळी सातला सुरू होते आणि तीनला सुटते. सामना चार वाजता. भट्टीसमोर आठ तास उभं राहिलेला पोरगा दुचाकीवरून थेट स्टेडियमवर येतो, बूट घालतो आणि पळायला लागतो. पासष्टाव्या मिनिटाला त्याचे पाय जड होतात, त्यात त्याचा काही दोष नाही. पाय जड झाले की संघ आपोआप मागं सरकतो आणि आपण त्यालाच बचावाची रणनीती म्हणतो. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं, आणि लीगमध्ये टिकून राहायला ते पुरतही होतं.

मग २०२२ चा विश्वचषक आला. त्या काळात आमच्या गल्ल्या कशा दिसतात ते कोल्हापूरकरांना माहीत आहे. एकीकडे अर्जेंटिनाचे झेंडे, दुसरीकडे ब्राझीलचे. पण माझं लक्ष खिळलं जपानच्या प्रशिक्षकावर. २३ नोव्हेंबरला संध्याकाळी साडेसहाला जर्मनी-जपान सामना होता, तो आम्ही तालमीच्या हॉलमध्ये बसून बघितला. मध्यंतराला जपान ०-१ मागं. गुंदोगाननं पेनल्टीवर गोल केलेला आणि जर्मनीनं चेंडू जवळजवळ दिलाच नव्हता. हाजिमे मोरियासू हा तोवर जपानमध्ये सावध प्रशिक्षक म्हणूनच ओळखला जायचा. त्यानं मध्यंतरातच कुबोला काढून तोमियासू हा बचावपटू आणला. हॉलमधले सगळे म्हणाले, मागं पडलेला संघ बचावपटू कसा काय आणतो? पण त्या बदलानं मागची फळी तिघांची झाली आणि दोन्ही बाजूंचे विंगबॅक, म्हणजे कडेनं बचाव आणि हल्ला दोन्ही करणारे खेळाडू, वर जायला मोकळे झाले. सत्तावन्नाव्या मिनिटाला त्यानं मितोमा आणि असानो एकदमच उतरवले. मितोमा हा मूळचा विंगर, त्याला डावा विंगबॅक केलं. नंतर दोआन, नंतर मिनामिनो. पंचाहत्तराव्या मिनिटाला दोआनचा गोल, त्र्याऐंशीव्या मिनिटाला असानोचा. दोन्ही गोल बेंचवरून आलेल्या खेळाडूंचे.

हॉलमध्ये आरडाओरडा चालला होता आणि मी वहीत मिनिटं लिहून घेत होतो. पुढच्या सामन्यात कोस्टारिकाविरुद्ध मोरियासूनं सुरुवातीच्या अकरामध्ये पाच बदल केले आणि जपान ०-१ नं हरला. तिथंच तो पुन्हा सावध झाला असता तर कुणी नवल केलं नसतं. पण स्पेनविरुद्ध पुन्हा ०-१ मागं असताना त्यानं मध्यंतरालाच दोआन आणि मितोमा आणले. अठ्ठेचाळीसाव्या मिनिटाला दोआनचा गोल, एक्कावन्नाव्या मिनिटाला तानाकाचा. चेंडू जपानकडे अठरा टक्क्यांच्या आसपास होता, तरी सामना २-१ नं त्यांचा. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. मला झोप लागली नाही.

या माणसाबद्दल मग मी जुनं शोधून वाचलं. २०१८ च्या विश्वचषकात तो जपानचा सहायक प्रशिक्षक होता. रोस्तोव्हला बेल्जियमविरुद्ध जपान २-० नं पुढं होता. पासष्टाव्या मिनिटाला बेल्जियमच्या रोबेर्तो मार्तिनेझनं फेलाइनी आणि चाडली हे दोघे एकाच वेळी उतरवले. फेलाइनीनं बरोबरीचा गोल केला आणि भरपाई वेळेत चाडलीनं विजयाचा. तो सामना मोरियासूनं बेंचवर बसून बघितला होता. त्यानं तिथं नेमकं काय मनाशी बांधलं ते मला कसं कळणार, पण चार वर्षांनी त्यानं जे केलं त्यात मला ती संध्याकाळ दिसते. समोरच्याचे पाय जड होण्याच्या वेळेला आपली दोन ताजी पोरं एकदम आत. एकेक करून, चाचपत, नव्हे.

त्या वर्षीचा आमचा हंगाम सुरू होत होता, नोंदणी झालेली होती, त्यामुळे लगेच काही बदललं नाही. पण मनात आलं की नुसतं टीव्ही बघून हे करणं बरं नाही, शिकायला हवं. म्हणून डी लायसन्सच्या मागं लागलो.

ज्यांना ही शिडी माहीत नाही त्यांच्यासाठी: अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे प्रशिक्षक परवाने ई, डी, सी, बी, ए असे चढत जातात आणि सगळ्यात वर प्रो. महाराष्ट्रात कोर्स कधी आणि कुठं आहे याची माहिती विफाकडून म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडून कळते. सगळ्यात आधी महासंघाच्या सीआरएस या नोंदणी प्रणालीत स्वतःचं खातं लागतं. खेळाडूंची नोंदणी जिथं होते तीच प्रणाली. माझ्याकडून आधार, जन्माचा दाखला, पासपोर्ट फोटो आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र घेतलं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि जन्मदाखल्यावर नाही, एवढ्यावरून माझा अर्ज काही आठवडे अडकला. तुमच्या दोन्ही कागदांवर नाव अक्षरशः सारखं आहे का, ते आजच बघून घ्या. खेळाडूंचेही बघा, कारण ऐन नोंदणीच्या आठवड्यात हेच निघतं.

मार्च २०२३ मध्ये अर्ज केला तेव्हा जवळची तुकडी भरलेली होती. ऑगस्टपर्यंत थांबावं लागलं. मी पतसंस्थेत कामाला आहे, तिथं बिनपगारी रजा टाकली. कोर्स पुण्यात. फी, गाडीभाडं, राहणं आणि जेवण धरून पंधरा हजारांच्या घरात खर्च आला. रजेचे पैसे गेले ते वेगळेच. तालमीनं अर्धा खर्च उचलायची तयारी दाखवली होती, पण गणपती तोंडावर आले होते आणि वर्गणीवर ताण होता, म्हणून मी नको म्हटलं. घरी बायकोनं एवढंच विचारलं, "पास झालात तर पगार वाढणार का?" वाढणार नव्हता. तरी तिनं डबा बांधून दिला.

कोर्सला आमच्या तुकडीत चोवीसेक जण होतो. शाळेचे क्रीडाशिक्षक, निवृत्त खेळाडू, मुंबईच्या अकादमीतली कॉलेजची पोरं, दोन मुली. सकाळी वर्ग, दुपारी मैदान, रात्री दुसऱ्या दिवशीचा सराव आराखडा लिहायचा. माझा समज होता की तिथं रचना शिकवतील, तीन-चार-तीन आणि चार-तीन-तीन. त्याऐवजी सारखं एकच डोक्यात भरवलं गेलं. खेळाचे चार क्षण असतात: चेंडू आपल्याकडे, चेंडू त्यांच्याकडे, चेंडू आत्ता हरवला, चेंडू आत्ता मिळाला. आपल्या खेळाडूला या चारही क्षणांत काय करायचं ते ठाऊक आहे का? रचनेचे आकडे नंतर.

मैदानावर परीक्षा असते. चिठ्ठीवर विषय येतो, बाकीचे प्रशिक्षक खेळाडू होतात आणि आपण त्यांचा सराव घ्यायचा. खेळ चालू असताना "फ्रीज" म्हणून ओरडलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. हे थांबवणं मला कोर्समध्ये सगळ्यात मोलाचं वाटलं. पळत्या खेळात नजर चेंडूवर असते. थांबलेल्या चित्रात मोकळी जागा दिसते. आमचा डावा बॅक वर गेलेला, त्याच्या मागं वीस-पंचवीस यार्डांचा रिकामा पट्टा आणि तिथं कुणाचंच लक्ष नाही. निरीक्षक शेजारी येऊन हळूच म्हणाले, "दाखवा, विचारा, आणि चेंडू फिरू द्या. भाषण नको." निकाल यायला महिनाभर गेला. रोज सकाळी खातं उघडून बघायचो. पास झाल्याचं दिसलं तेव्हा सराव संपवून मैदानातच उभा होतो, आणि पोरांनी मला उचललं.

सप्टेंबरपासून खरी तयारी सुरू झाली. सकाळी सहाला सराव. मैदान पावसानं भिजलेलं, पायाखाली चिखल. फक्की मारून मैदानाचे उभे पाच पट्टे आखले, म्हणजे कोण कुठल्या पट्ट्यात आहे ते पोरांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसावं. मागं तीन ठेवायचे म्हणजे काय, हे तोंडी सांगून समजत नाही. डावा विंगबॅक वर गेला की डावा स्टॉपर (मागच्या तिघांतला डावा बचावपटू) बाहेरच्या पट्ट्याकडे सरकतो, मधला स्टॉपर त्याची जागा धरतो आणि बचावाच्या पुढचा हाफ एक पाऊल खाली येतो. चौघांची ही हालचाल एका दमात व्हायला लागते. पहिले काही आठवडे दोघे सरकायचे आणि दोघे बघत राहायचे. मी "फ्रीज" म्हणायचो आणि विचारायचो, "आता तुझ्या मागं कोण आहे?" ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी मी शिट्टी वाजवायच्या आत आमच्या स्टॉपरनंच ओरडून हाफला खाली ओढलं. त्या दिवशी वाटलं, जमेल.

मैदानावर आम्ही तीन मागं ठेवायला शिकत होतो, तशीच बेंचचीही तयारी चालली होती. मी एक वही केली. प्रत्येक खेळाडूची पाळी कुठली, साप्ताहिक सुट्टी कधी, कामावर उभं राहायचं असतं की बसायचं. सामन्याची तारीख लागली की आधी ती वही उघडायची. पहिल्या पाळीवरून येणारा पोरगा सुरुवातीला खेळवायचा की उत्तरार्धात, हे त्यावरून ठरायला लागलं. बेंचवरच्या प्रत्येकाला आदल्या दिवशी तीन गोष्टी सांगायच्या: आपण मागं असू तर तू कुणाच्या जागी जाशील, बरोबरीत असू तर कुणाच्या, पुढं असू तर कुणाच्या. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून हातात द्यायचो. सुरुवातीला पोरं हसली. मग एकानं तो पुठ्ठा मोज्यात घालून सामन्याला आणला.

खर्चाचं सांगायचं तर शंकू, बिब्स आणि लोहचुंबकाच्या सोंगट्यांचा फळा मिळून तीन हजारांच्या आसपास गेले. बेंचवरच्या पोरांना नडगीचे पॅड स्वतःचे हवेत, एकमेकांचे उसने घेऊन चालत नाही. का, ते पुढं येईल.

ऑक्टोबरमध्येच तालमीच्या ज्येष्ठांसमोर बसलो. हे टाळू नका. सगळ्यांत वयस्कर आप्पा, तरुणपणी कुस्ती खेळलेले, अजून सकाळी तालमीत येऊन बसतात. मी फळ्यावर सोंगट्या मांडून दाखवल्या. त्यांना फुटबॉलमधलं तीन-चार-तीन कळलं की नाही ठाऊक नाही, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला. म्हणाले, "आरं, डाव टाकायचा तर अंगात रग हाय तवर टाकायचा. दम गेल्यावर डाव टाकतोस, तवा समोरचा वाटच बघत असतोय." माझ्या वहीतली सगळी मिनिटं त्या एका वाक्यात बसली. पोरगा लंगडायला लागल्यावर त्याला काढायचं नाही, त्याच्या आधी काढायचं. मग त्यांनी बाकीच्यांना बजावलं की हंगाम संपेपर्यंत कुणी पोराच्या बदलावरून प्रशिक्षकाला रस्त्यात गाठायचं नाही. हा शब्द सगळ्यांनी पाळला असं नाही, पण बऱ्याच जणांनी पाळला.

केएसएकडे म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे खेळाडूंची नोंदणी झाली आणि डिसेंबरमध्ये सामने सुरू झाले. पहिल्या काही सामन्यांत मी चार-चार-दोनच ठेवलं आणि फक्त उत्तरार्धात रचना बदलली. एका सामन्यात आम्ही १-० नं पुढं होतो. जुन्या सवयीनं आता मागं सरायची वेळ. मी एका मध्यरक्षकाला काढून तिसरा फॉरवर्ड आत पाठवला. पाठीमागं गॅलरीत क्षणभर शांतता, मग एकच गोंगाट. दुसऱ्या गोलाची एक सोपी संधी मिळाली, ती बारला लागली. मग कॉर्नरवर त्यांनी बरोबरी केली आणि शेवटच्या दहा मिनिटांत आमच्या डाव्या पट्ट्यातून दुसरा गोल झाला. १-२.

त्या रात्री फोन थांबत नव्हता. तालमीच्या ग्रुपवर काय काय आलं ते इथं लिहीत नाही. मी फोन घरात ठेवला आणि रंकाळ्यावर जाऊन चालत राहिलो. घरी आल्यावर एका पोरानं मोबाइलवर काढलेलं चित्रण लावलं आणि पुन्हा पुन्हा बघितलं. तिसरा फॉरवर्ड आल्यानंतरच्या वेळात आम्ही त्यांच्या गोलवर जितके फटके मारले, तितके त्याआधीच्या पूर्ण सामन्यात मारले नव्हते. गोल झाला तो डाव्या विंगबॅकच्या मागून, आणि तो पोरगा पहिल्या पाळीवरून आलेला होता. वहीत त्याच रात्री नियम लिहिला: आक्रमणासाठी बदल केला की त्याच थांब्यात, म्हणजे बदलासाठी खेळ थांबतो त्याच वेळी, विंगबॅकही ताजा करायचा. दोन बदल, एक थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला आप्पा आले, बाकावर बसले, काही बोलले नाहीत. शेवटपर्यंत बसून राहिले. मला तेवढं पुरलं.

इथं नियमांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बऱ्याच संघांचं नुकसान इथंच होतं. पाच बदलांची मुभा मे २०२० मध्ये करोनामुळे तात्पुरती आली आणि २०२२ मध्ये नियमावलीत कायम झाली. पण आपल्या स्पर्धेत किती बदल चालतात हे आयोजक ठरवतात, म्हणून दर वेळी त्या स्पर्धेची नियमावली हातात घेऊन वाचा. पाच असतील तर वरच्या दर्जाच्या स्पर्धांत ते सामना चालू असताना तीनच थांब्यांत करता येतात. मध्यंतर त्यात धरत नाहीत. म्हणजे मध्यंतरात केलेला बदल पाचातून कमी होतो, पण तीन थांबे शिल्लक राहतात. मोरियासूचं मध्यंतरातलं धाडस मला या हिशेबानं आणखी पटलं. समोरच्या संघानं आणि आपण एकाच थांब्यात बदल केला तर दोघांचाही एक-एक थांबा खर्च होतो. ज्याचं नाव सामन्याआधी दिलेल्या यादीत नाही तो बदली म्हणून उतरूच शकत नाही, मग तो धावत स्टेडियमवर पोचला असला तरी. त्यामुळे पाळीवरून उशिरा येणाऱ्याचं नाव यादीत आधीच घालून ठेवा.

आणि चिठ्ठी. बदलाची चिठ्ठी चौथ्या पंचांकडे द्यायची असते, आत येणाऱ्याचा क्रमांक आणि बाहेर जाणाऱ्याचा क्रमांक. मी सामन्याआधीच आमच्या सहायकाकडे कोऱ्या चिठ्ठ्या आणि दोन पेन देऊन ठेवतो. पंच आत येणाऱ्याचे बूट बघतात, नडगीचे पॅड बघतात, हातातला दोरा, कानातली बाळी, गळ्यातली साखळी काढायला लावतात. आमच्याकडे बऱ्याच पोरांच्या हातात देवाचा दोरा असतो. त्याची गाठ सोडवण्यात दोन मिनिटं जातात आणि तेवढ्यात खेळ सुरू होऊन थांबा निसटतो. म्हणून बेंचवर बसतानाच दोरा, बाळी, साखळी माझ्या डब्यात. पॅड घातलेले आणि मोजे वर ओढलेले असल्याशिवाय बेंचवर बसायचं नाही. बाहेर जाणाऱ्यानं सीमारेषेवरच्या त्याला सगळ्यात जवळच्या ठिकाणाहून बाहेर पडायचं असतं आणि तो पूर्ण बाहेर गेल्यावरच, पंचांनी खूण केली की, नवा खेळाडू मध्यरेषेपाशी आत येतो. हे सरावातच दोन-चारदा करून घ्या. ऐन वेळी पोरं गोंधळतात.

मार्चमध्ये एका तगड्या संघाविरुद्ध मध्यंतराला आम्ही ०-२ मागं होतो. संघाचं नाव सांगत नाही, कारण विषय तो नाही. ड्रेसिंग रूममध्ये पोरं मान खाली घालून बसलेली. मी मध्यंतरातच दोन बदल केले: एक स्टॉपर आत आणला, आणि कर्णधाराला बाहेर काढून त्याच्या जागी दुसरा पोरगा पाठवला. आमचा कर्णधार वयानं मोठा, पेठेचा लाडका, मध्यरक्षक. त्या दिवशी तो पहिल्या पाळीवरून आलेला होता. त्याला मी आदल्या रात्री घरी जाऊन सांगितलं होतं की मागं पडलो तर तुला लवकर बसवीन. तेव्हा तो म्हणाला होता, "दादा, मला काढायलाय म्हंजे लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक काय म्हणतील ते मी बघतो. तू बाहेर आल्यावर माझ्या शेजारी बसायचं आणि मला त्यांचा कुठला बॅक दमलाय ते सांगायचं."

मध्यंतरात त्यानं शांतपणे दंडाची पट्टी काढली, आमच्या गोलकीपरच्या दंडावर बांधली, आणि आत जाणाऱ्या पोराला पाठीवर थाप मारून म्हणाला, "भावा, त्यांचा उजवा बॅक आत कापतोय, बाहेरनं जा." मग खरंच माझ्या शेजारी येऊन बसला. पन्नासेक मिनिटं झाली तेव्हा म्हणाला, "दादा, त्यांचा पाच नंबर गुडघ्यावर हात ठेवायलाय." मी लगेच चिठ्ठी दिली. दोन ताजे विंगबॅक एकाच थांब्यात. त्यांचा पाच नंबर म्हणजे उजवा स्टॉपर, आणि आमचा नवा डावा विंगबॅक सारखा त्याच्या अंगावर जायला लागला. आमचा पहिला गोल त्याच बाजूनं आला. मागच्या फळीत तिघेच असल्यानं आमच्यावर दोनदा थेट हल्ला झाला, एकदा गोलकीपरनं पायानं वाचवलं. पुढच्या थांब्यात मी शेवटचा बदल केला, तालमीच्या कुमार संघातून नुकतंच वर घेतलेलं पोर. भरपाई वेळेत कॉर्नरवर त्याच्या डोक्याला लागून चेंडू आत गेला. २-२.

बरोबरीच झाली, पण गॅलरीतली आमची माणसं उभी होती. कर्णधार सगळ्यात आधी त्या पोराकडे धावला. रात्री कर्णधाराच्या चुलत्यांचा फोन आला. मी थोडा घाबरतच उचलला. ते म्हणाले, "आमच्या पोराला काढलंत ते बरं केलंत. सकाळपासून जेवलं नव्हतं ते." हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून वहीत आणखी एक रकाना वाढला: जेवण झालं का. पाळीवरून येणाऱ्यांसाठी आता तालमीतून केळी आणि शेंगदाण्याचे लाडू जातात. सामन्याला अडीचशे-तीनशे रुपयांचा खर्च आहे, आणि तो सगळ्यात सत्कारणी लागलेला खर्च आहे.

हंगाम संपला तेव्हा आम्ही तक्त्याच्या मधोमध होतो. आधीच्या वर्षापेक्षा गोल जास्त केले आणि खाल्लेही जास्त. हे सांगितलंच पाहिजे, कारण मागं तीन ठेवून खेळलात तर काही संध्याकाळी वाईट हराल आणि त्याची तयारी घरच्यांचीही करून ठेवायला हवी. माझ्या मुलाला शाळेत बोलणी खावी लागली एकदा. त्यानं घरी येऊन विचारलं, "बाबा, तुम्ही पुढच्या वेळी पण तीनच ठेवणार?" मी हो म्हटलं. तो म्हणाला, "मग मला समजावून सांगा, मी त्यांना सांगतो." जेवणाच्या ताटाभोवती वाट्या मांडून समजावलं.

आता सी लायसन्सची चौकशी सुरू केली आहे. खर्च डीपेक्षा बराच जास्त आहे आणि रजाही मोठी लागेल, त्यामुळे यंदा जमेल की नाही ते दिवाळीनंतर ठरेल. आमचा कर्णधार मात्र यंदाच डीचा अर्ज भरतोय. त्याच्या जन्मदाखल्यावर आडनावातलं एक अक्षर चुकलंय, म्हणून पुढच्या सोमवारी आम्ही दोघे महापालिकेत जातोय. तुमच्याकडे कुणाला अर्ज करायचा असेल तर कागद पावसाळ्याआधीच जुळवून ठेवा, आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र मात्र कोर्सची तारीख लागल्यावर काढा. माझं जुनं झालं म्हणून दुसऱ्यांदा काढावं लागलं होतं.